रजिस्टरातला दोनचा आकडा

वसंता, चेअरमननं मला तुझ्यावर चार ओळी लिहायला सांगितल्यात. आपल्या पाणी योजनेच्या अहवालात शेवटच्या पानावर गेलेल्या सभासदांचे फोटो असतात, त्याखाली टाकायला. म्हणाला, "तात्या, तुमी त्यांच्या जवळचे. चांगलं चांगलं लिवा. मनमिळाऊ हुते, कष्टाळू हुते, असं." मी कागद घेऊन घरी आलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. तू मनमिळाऊ कुठं होतास? हेकट होतास, माझ्याएवढाच. फक्त तू हळू आवाजात हेकटपणा करायचास, म्हणून लोकांना तो कळायचा नाही.

तेव्हा चार ओळी काही होणार नाहीत. होईल तेवढं लिहितो. छापायचं तर छापतील, नाहीतर सभेत मी उभा राहून वाचीन. चष्मा आहे आणि आवाज अजून शाबूत आहे.

चौथीपर्यंत आपण एका बाकावर होतो. पुढं तू शिकलास आणि इंदापूरला टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये लागलास. मी इथंच डाळजला, धरणाच्या फुगवट्यावरच्या पंपहाऊसला लागलो. जन्म मोटरींत गेला. पंपहाऊसच्या बाहेर काळा फळा होता, त्यावर खडूनं मी पाळी लिहायचो. कुणाचा व्हॉल्व कधी उघडायचा, कधी बंद. तो फळा बघायला सगळी वाडी-वस्ती यायची. मोठमोठे बागायतदार गाडी उभी करून विचारायचे, "तात्या, आमचं कवा?" मी लगेच सांगायचो नाही. आधी हात पुसायचो, मग तंबाखू मळायचो, मग सांगायचो. मला ते आवडायचं. आता लपवून काय करू.

तू रिटायर होऊन गावात आलास आणि पहिल्याच सभेत उठून म्हणालास, पाळीची यादी वेबसाईटवर टाकू. कुणाला पंपावर हेलपाटा नको, घरी बसून फोनवर दिसेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

"आन ते मशीन बंद पडलं म्हंजे?" मी विचारलं.

"मोटर बंद पडती तवा तुमी काय करता?" सभेत तू मला अहोजाहो करायचास.

"मी असतो तितं."

"मग हितंबी तुमीच असा."

लोक हसले. त्या हसण्यात तू मला बांधून टाकलंस. मला वाटलं, फळा काढून घेतला आणि बदल्यात खुळखुळा दिला. तुझा तसा हेतू नव्हता हे मला दोन महिन्यांत कळलं. तुला सांगितलं मात्र कधीच नाही.

बारामतीहून तू तो सर्व्हर आणलास. मला वाटलं होतं केवढं धूड असेल. लोखंडी डबा निघाला, पत्र्याच्या ट्रंकेएवढा. पंपहाऊसच्या बाजूच्या खोलीत स्टुलावर ठेवलास, खाली रबर घातलंस, खिडकीला जाळी मारलीस. मला म्हणालास, "तात्या, भ्यायचं न्हाय. ह्येच्यात चार पंप हायत असं समज. हितं लोड दिसतो. चारपतूर गेला तर चारी पंप कामाला लागल्यात. चाराच्या वर गेला म्हंजे मानसं रांगेत हुबी ऱ्हायल्यात. ही मेमरी, ह्यो आपला हौद. आन ह्यो टाईम. कुनी फोनवर बोट लावल्यापास्नं पान उघडस्तवर किती सेकंद."

"म्हंजे व्हॉल्व उघडल्यापास्नं सरीत पानी पोचस्तवर."

तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "तुला शिकवायला मी कशाला आलो?"

मग तू लांब रजिस्टर काढलंस आणि पट्टीनं रकाने आखलेस. लोड, मेमरी, टाईम. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, तासाला एकदा बघायचं आणि लिहायचं. मी म्हणालो, हे मशीन स्वतःच सगळं लिहून ठेवतं असं तूच मघाशी बोललास, मग मी कशाला पाटी-पेन्सिल घेऊन बसू? तू म्हणालास, "मशीन लिवतं. वाचत न्हाय. वाचाय मानूस लागतो."

हे वाक्य मला पटलं होतं. म्हणूनच पुढं जे झालं ते जास्त लागतं.

आपलं खरं भांडण झालं ते सरासरीवरून. तू चेअरमनला ऐटीत सांगत होतास, आपलं पान सरासरी तीन सेकंदांत उघडतंय. मी बाजूला पान्हा पुसत होतो. मी म्हणालो, "टेलचा नामदेव म्हनतो, त्याचं पान उघडूस्तवर बिडी वढून संपती."

"त्याचा फोन जुना हाय. तितं रेंजबी न्हाय."

"सरासरीनं तर सगळ्यास्नी पानी मिळतं वसंता. म्हनून टेलला चिखल दिसला का तुला कवा?"

चेअरमनसमोर बोललो ते तुला झोंबलं. कॅनॉल असो नाहीतर पाईपलाईन, शेवटच्या टोकाच्या, म्हणजे टेलच्या माणसाला पाणी पोचलं तरच पाणी सोडलं म्हणायचं, हे मी पंपावर उभा राहून शिकलो होतो. तुझ्या एक्स्चेंजमध्ये ते नसेल शिकवलं. आठ दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. एका खोलीत बसून दोघं गप्प. तू पडद्याकडं तोंड करून, मी भिंतीकडं. नवव्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर रजिस्टरात चौथा रकाना आखलेला. वर तुझ्या अक्षरात, 'सगळ्यात शेवटच्याचा टाईम'.

"ह्ये काय?"

"तूच बोललास न्हवं."

बस्स, एवढंच. तात्या, तुझं बरोबर होतं, असं तुझ्या तोंडून निघालं नाही. मी वाट बघितली. त्याचा राग माझ्या पोटात अजून आहे, तू गेलास तरी गेलेला नाही.

पण तू नुसता रकाना आखून थांबला नाहीस. शेवटच्याला इतका वेळ का लागतो ते शोधत बसलास. निघालं काय, तर पानाच्या वरती चेअरमनचा फेटेवाला फोटो होता, तोच सगळ्यात जड. नामदेवच्या फोनला आधी तो फेटा ओढून न्यायला लागायचा, मग पाळी. तू फोटो काढून टाकलास. दुसऱ्या दिवशी चौथ्या रकान्यात मी पहिल्यांदा दोन लिहिला. नामदेव येऊन म्हणाला, "तात्या, आता बिडी पेटवायलाबी सवड मिळंना." चेअरमनला फोटो गेल्याचं कळलं तेव्हा तो नुसता, असू द्या असू द्या, म्हणाला. ते असू द्या त्यानं किती दिवस जपून ठेवलं ते आपण पुढं बघितलं.

त्यानंतर वर्षभर रजिस्टरात दोनच. कधी तीन झाला तर तू लगेच डबा उघडून बसायचास. आपण दोघं त्या दोनच्या आकड्यावर माजलो होतो. भिगवणच्या बाजारात कुणी विचारलं तर मीच सांगायचो, आमच्या टेलच्या माणसाचं पान दोन सेकंदांत उघडतं. ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही, तरी सांगायचो.

मग तुझ्या किडन्या गेल्या.

बारामतीला आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायचं, म्हणून तू सांगवीला लेकीकडं राहायला गेलास. रोज दुपारी जेवणानंतर तुझा फोन यायचा. आधी आकडे, मग बाकीचं.

"सांग."

"दोन."

"शेवटच्याचा?"

"दोनच."

"मेमरी?"

"निम्मी."

"बरं." आणि मग तू सांगायचास, तिथं पाणी मोजून देतात, दिवसाला ठरलेली फुलपात्री, वर घोट नाही. "सगळ्या तालुक्याला पाळी लावून दिली तात्या, आता मलाच पाळी लागली." मी हसायचो. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ मोटरीच्या आवाजात बसून राहायचो.

आता ते लिहितो ज्यासाठी कागद घेतला.

तू सांगवीला गेल्यावर महिनाभरानं आकडा हलायला लागला. दोनचा चार झाला, चाराचा सात. सकाळी बरं असायचं, दुपारपर्यंत फुगायचं. का ते मला कळेना. पुढं तूच शोधलंस, की जुन्या पाळ्यांच्या याद्या साचत गेल्या होत्या आणि मशीन दर वेळी आजची यादी काढायला पहिल्यापासून सगळ्या चाळत होतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की चौथ्या रकान्यात सात लिहायची वेळ आलीय.

मी दोन लिहिला.

हे तुझ्या माझ्या गावात कुणाला सांगायला नको, पण अहवाल वाचणाऱ्या पोरासोरांना कळावं म्हणून सांगतो. पंपहाऊसचं रजिस्टर असंच चालतं. मोटर जास्त अँपिअर ओढायला लागली तर खरा आकडा कुणी लिहीत नाही. लिहिला की साहेब येतो, लेखी खुलासा मागतो, आठ दिवस मोटर बंद. म्हणून रकान्यात नेहमीचा आकडा घालायचा आणि मोटर आपल्या हातानं ताळ्यावर आणायची. पाणी गळायला लागलं तर ग्लँड आवळायची, बेअरिंगला ग्रीस द्यायचं, तासभर विसावा द्यायचा. सगळे ऑपरेटर हेच करायचे आणि मी त्यांच्यात उस्ताद. जन्मभर माझ्या रजिस्टरावर साहेबाची लाल रेघ आली नाही. त्याचा मला अभिमान होता. लाज वाटायला पाहिजे होती त्या गोष्टीचा मी अभिमान धरला.

तर सर्व्हरलाही मी विसावा द्यायला लागलो. पहाटे कुणी फोन बघत नसतं तेव्हा मेन स्विच खाली ओढायचा, डब्यावर हात ठेवून बसायचं, गार झाला की वर करायचा. आकडा पुन्हा दोनवर यायचा. मला वाटलं, बघा, बारामतीला चार-चार मशिनी विकणाऱ्यांना जे जमणार नाही ते आपल्या हाताला कळतं. सकाळचा तो दोन मी दिवसभर खाली उतरवत जायचो. पडद्यावर नऊ असला तरी दोन. अकरा असला तरी दोन. आणि दुपारी तुला फोनवर वाचून दाखवायचो.

मेन स्विच ओढायचा नाही हे तू मला बजावून गेला होतास. "मशीन सारखं लिवत असतं तात्या. लिवता लिवता हात वढला तर वही फाटती." मला वाक्य पाठ होतं. मला वाटलं, टेलिफोनवाल्याला काय कळतंय लोखंडातलं.

तू आजारी, तुझ्या जिवाला घोर कशाला, म्हणून खोटं सांगितलं, असं मी बरेच दिवस मनाला सांगत होतो. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं हे, की तू नसताना आकडा वाढला असं मला तुला सांगायचं नव्हतं.

उन्हाळ्याच्या पहिल्या पाळीचा दिवस. मध्ये मोठा खंड पडलेला, सगळ्यांची पिकं माना टाकून. सकाळपासून सगळा गाव त्या पानावर तुटून पडला. आठला वीस सेकंद, नऊला चाळीस, मग आकडाच येईना. चेअरमनचा फोन आला, "तात्या, काय झोपा काढता का? यादी कुठंय?" दारात माणसं गोळा झाली. त्यांच्यादेखत मी मेन स्विच ओढला. मला वाटलं, पाच मिनिटांचा विसावा, मग बघा गंमत. वर केला. डबा सुरू झाला, पंखा फिरला, पान उघडलं. कोरं. वही फाटली होती.

मी खडू घेऊन फळ्याकडं गेलो. एकेकाळी सगळी पाळी माझ्या तोंडावर असायची. पाचव्या नावापुढं आठवेना. माणसं बघत होती. मी खडू खिशात टाकला आणि आत जाऊन मोटरीपाशी उभा राहिलो. माझ्या जन्मात मी इतका लहान कधी झालो नव्हतो.

यादी नाही म्हटल्यावर वरच्या अंगाच्या लोकांनी आपापले व्हॉल्व उघडले. पाणी टेलला गेलंच नाही. नामदेवची भेंडी ऐन तोडणीत होती, ती उभी वाळली. स्टँडवर तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "त्या वसंतरावाला जमत न्हवतं तर सोडायचं हुतं. मरता मरताबी खुर्ची सुटंना." मी तिथंच होतो. चहाचा कप माझ्या हातात होता. तो मी पिऊन संपवला.

दुसऱ्या दिवशी जावयाच्या जीपमधून तू आलास. दंडाला पट्टी, तोंडावर सूज, दोन पायऱ्या चढताना तीनदा थांबलास. मी हात दिला, तू धरलास. स्टुलापुढं बसून तू दिवसभर काम केलंस, अर्धं फुलपात्रं पाण्यावर. संध्याकाळपर्यंत यादी परत उभी केलीस. मग जीप यायला वेळ होता म्हणून तू मशीननं स्वतः लिहिलेली आकड्यांची वही उघडलीस, ती यादीपासून वेगळी, म्हणून शाबूत होती. मी दारात होतो. मला पडदा दिसत होता. रोज पहाटे स्विच ओढल्याची वेळ, त्यानंतरचा प्रत्येक मिनिटाचा आकडा, सगळं होतं. तू माझं रजिस्टर मांडीवर घेतलंस. एक नजर पडद्यावर, एक रजिस्टरावर. पडद्यावर अकरा, रजिस्टरात दोन. पडद्यावर चौदा, रजिस्टरात दोन. बोटानं एकेक ओळ लावत तू खालपर्यंत गेलास. मी म्हणालो असतो काहीतरी. तंबाखू काढून मळत राहिलो.

तू रजिस्टर मिटलंस आणि म्हणालास, "तात्या, च्या सांग."

चहा आला तेवढ्यात कमिटी आली. चेअरमन खुर्चीत बसला नाही, उभ्यानंच बोलला, "वसंतराव, झेपत न्हवतं तर सांगायचं. तुमच्यापायी टेलची मानसं उठली आमच्यावर."

तू म्हणालास, "माझं लक्ष कमी पडलं."

मी तीन हातांवर उभा होतो. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मी बोललो असतो असं मला कितीदा वाटलं. पण खरं बोलायला कुणी आपल्याकडं बघावं लागतं का?

चेअरमन म्हणाला, आता हे काम कंपनीला देऊ. तू खिशातून कागद काढून सगळे पासवर्ड लिहून दिलेस. आकडे, अक्षरं, एकेक करून, चुकू नये म्हणून दोनदा वाचून दाखवलेस. वर्षभराहून जास्त राबलेला माणूस किल्ल्या देऊन निघाला आणि कुणी त्याला पायरीपर्यंत पोचवलं नाही. मीसुद्धा नाही.

त्यानंतर तू सहा महिने होतास. सांगवीहून परत आलास, बारामतीला रक्त धुवायला जाऊन यायचास, बाकी घरीच असायचास. मी यायचो. आपण पावसावर बोललो, निमगाव केतकीच्या पेरूवर बोललो, माझ्या गुडघ्यावर बोललो. त्या गोष्टीवर तू एक शब्द काढला नाहीस. पहिल्यांदा मला वाटलं, मोठ्या मनाचा आहेस. मग मला राग यायला लागला. तू शिव्या घातल्या असत्यास तर मीही घातल्या असत्या. तू म्हणाला असतास, अडाण्या, माझ्या नावाला काळं फासलंस. मी म्हणालो असतो, तू शहाणा होतास तर मशीन वाकल्यावर तुला कळायला पाहिजे होतं. भांडून मोकळे झालो असतो. तू मला भांडायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस. तू गप्प राहून मला सडवतोयस, असं मी घरी बोलून दाखवलं. आजारी माणसाबद्दल असं बोललो.

एकदा तू एवढंच विचारलंस, "मोटरीचं रजिस्टर अजून लिवतोस का?"

"लिवतो."

"बरं. लिव."

मला तो टोमणा वाटला. वहिनींनी चहा टाकला होता, मी न पिता उठलो. पंधरा दिवस तुझ्याकडं फिरकलो नाही. त्या पंधरा दिवसांतच तू गेलास.

नदीकाठी तुला ठेवलं आणि चेअरमननं भाषण केलं. वसंतरावांनी योजनेत संगणक आणला. पुढं तब्येतीमुळं जरा दुर्लक्ष झालं, पण माणूस म्हणून लाखात एक. लोकांनी माना हलवल्या. जरा दुर्लक्ष. तुझ्या सबंध कामातलं लोकांच्या ध्यानात तेवढंच राहणार. नामदेव तर आलाच नाही.

दहाव्यानंतर मी चेअरमनकडं गेलो आणि सगळं सांगितलं. रजिस्टर पुढं ठेवलं. त्यानं उघडूनही बघितलं नाही.

"तात्या, आता कशाला ह्ये? कंपनीचं झ्याक चाललंय. गेलेल्या मानसाला काय फरक पडतोय?"

"त्याच्या घरच्यास्नी पडतोय. मला पडतोय."

"तुमचं नाव खराब हुईल वो. सगळी जिंदगी लाल रेघ न्हाय तुमच्या रजिस्टराला, आमीच सांगतो लोकास्नी. आन खरं सांगू का, टेलवाले त्यांच्यावर रागावल्यात ते बरंय. वसंतराव काय आता मतं मागाय येत न्हाईत."

तो हसत नव्हता. मनापासून माझं भलं करत होता. त्यानंच मग मला चार ओळी लिहायला सांगितल्या.

कंपनीचं काय चाललंय ते सांगतो. डबा कुठं असतो कुणाला माहीत नाही, म्हणे पुण्याला. फोन लावला की एक पोरगी गोड आवाजात सांगते, साईट चालू आहे, बंद पडली तर आम्हाला मेसेज येतो. मी विचारलं, शेवटच्या माणसाचं पान किती सेकंदांत उघडतं? तिनं मला थांबायला सांगितलं, गाणं लावलं आणि फोन कटला. पानाच्या वर चेअरमनचा फोटो परत आलाय, आता शेजारी दोन मंत्र्यांसकट. मी नामदेवच्या बांधावर जाऊन त्याच्या फोनवर बघितलं. त्यानं बिडी पेटवली होती. संपली तरी पान आलं नव्हतं. तिथंच त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, थुंकला आणि म्हणाला, "आन मी त्या मानसाला स्टँडवर बोललो, तवा तुमी च्या पीत हुता." मी म्हणालो, व्हय. तो मला सोडून पाटाच्या कडेकडेनं निघून गेला. त्याचं बरोबर आहे.

वहिनींना सांगायचं शेवटपर्यंत ठेवलं होतं. परवा गेलो. त्या चिंचा फोडत होत्या. मी उंबऱ्यातच उभा राहून बोलायला लागलो, की वहिनी, ते मशीनचं झालं ते वसंताच्या हातनं नव्हतं झालं. त्यांनी चिंच हातातली फोडली, चिंचोका बाजूला टाकला.

"मला ठावं हाय भावजी."

"कसं?"

"ते आले त्याच दिवशी बोलले. तात्यानं आकडं लपवलं म्हनले. मी म्हनलं, मग कमिटीला सांगायचं की. तर म्हनले, तात्या सोताच सांगल. चार दिवस जाऊ दे, त्याला सोताहून सांगू दे, मी सांगितलं तर त्याला गावात तोंड ऱ्हानार न्हाय." त्यांनी पुढची चिंच घेतली. "तुमी आलाव की मी मुद्दाम आत जायची. तुमास्नी बोलाया बरं पडावं म्हनून. तुमी गेलाव की ते मला डोळ्यानंच विचारायचे, आन मी म्हनायची, मला काय विचारताव, तुमी बसला हुता समोर. मग म्हनायचे, फुडल्या बारीला सांगल."

मी खाली बसलो. त्यांनी मला पाणी दिलं. ते मी घेतलं नाही.

सहा महिने वसंता. सहा महिने तू माझ्यासमोर बसून वाट बघितलीस आणि मला वाटलं तू मला शिक्षा करतोयस. मोटरीचं रजिस्टर विचारलंस तेही त्यासाठीच. तू दार उघडून धरलं होतंस आणि मी टोमणा समजून उठून गेलो. तुझं हे चांगुलपण मला आवडलेलं नाही, हे इथं लिहून ठेवतो. वाट बघायची होती तर तोंडानं सांगायचं. तात्या, मला सगळं कळलंय, तू बोल, एवढं म्हणायला तुला काय लागत होतं? तेवढं म्हणाला असतास तर मी त्याच दिवशी कमिटीपुढं आलो असतो.

नाही. आलो नसतो. तुझ्या फोटोखाली खोटं लिहिणार नाही. तू इथं चालता-बोलता होतास तोवर मी आलो नसतो.